पितळ, तांबं, पोलाद : फोटोशॉप-गिंपमध्ये खरा वाटणारा धातू कसा करावा? (खानदेशी पाट्यांच्या निमित्ताने)

पितळी_तांब्या | जळगाव | शुक्रवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

टॉवर चौकातून सुभाष चौकाकडे चालत निघा आणि फक्त पाट्या बघा. सोनेरी अक्षरं, पितळी अक्षरं, स्टीलची अक्षरं, सगळी फ्लेक्सवर. आत खऱ्या सोन्याचा बाजार भरलेला आणि बाहेरची अक्षरं पिवळ्या बादलीची. डिझाइनचा धंदा माझाही तोच, म्हणून हा धागा.

गडबड कुठे होते सांगतो. आपण पिवळा रंग घेतो, वर पांढऱ्या ब्रशने एक चमक मारतो, बेव्हल (कड उचललेली दाखवणारा परिणाम) लावतो आणि म्हणतो झालं सोनं. हे गणित प्लास्टिकचं आहे. प्लास्टिकला स्वतःचा रंग असतो आणि त्यावरची चमक पांढरी असते. सोनं, तांबं, पितळ यांचा रंग चमकेतच असतो : तांब्यावरची चमक गुलाबट नारिंगी, सोन्यावरची पिवळट. चमक वगळून जे उरतं तिथे धातू बराच काळपट दिसतो, कारण त्याच्यासमोर जे असेल तेच तो दाखवतो. समोर अंधार असेल तर अंधार.

माझी पद्धत फोटोशॉप धरून लिहितो, गिंपवाल्यांनी (गिंप म्हणजे फोटोशॉपसारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर) खाली भर घालावी.

सगळं आधी काळ्या-पांढऱ्यात. रंगाचं नाव काढायचं नाही. अक्षरात ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात उतरणारी छटा) टाकायचा तो दोन टोकांचा नको. वरून खाली असा : फिकट राखाडी, मग पांढरा, मग एकदम गडद पट्टा, त्याला लागून मध्यम राखाडी आणि तळाशी पुन्हा थोडा उजेड. तो गडद पट्टा म्हणजे क्षितिज. वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये झाडा-घरांची काळी रेघ, उघड्यावर ठेवलेल्या चकचकीत धातूत आपल्याला हेच दिसत असतं. पांढरा आणि गडद हे ग्रेडियंटचे दोन ठिपके जवळजवळ चिकटवून ठेवा. त्या उडीतच धातू आहे. हळूहळू उतरणारा ग्रेडियंट दिला की अक्षर रबराचं होतं.

क्रोमच्या जुन्या साच्यांत वर निळं आकाश आणि खाली तपकिरी जमीन असते. आपल्याला ते कशाला? एप्रिल-मे मध्ये आपलं आकाश पांढरं भक्क असतं आणि खाली काळी माती. म्हणून मी वरचा भाग जवळजवळ पांढरा आणि खालचा चांगला गडद ठेवतो. पाटी त्याच उन्हात लागणार आहे.

आता वर ग्रेडियंट मॅपचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या काळ्या-पांढऱ्या छटांना ठरावीक रंग देणारा थर), आणि रंग येतो तो इथे. सोन्यासाठी माझे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे : गडद टोक ९२, ४८, १४, मधला २१२, १६०, ६०, उजेड २५५, २४४, २००. गडद टोक काळं नाही, तांबूस तपकिरी आहे, याकडे लक्ष द्या. नक्षीच्या पाटल्या किंवा तोडे हातात घेऊन खोबणीत बघा. खोलात शिरलेला उजेड सोन्यावरच दोन-तीनदा आपटून बाहेर येतो आणि दर आपटण्याला जास्त लालसर होतो. तिथे काळा टाकला की सोनं मेलं, हिरवट मळकट दिसायला लागतं. पितळेचं गडद टोक मात्र हिरवट तपकिरीच हवं. तांब्याचं गडद लालसर चॉकलेटी. स्टीलला किंचित निळसर राखाडी पुरते.

फाइल तीच ठेवून फक्त मॅप बदलला की सोन्याचं तांबं होतं. गिऱ्हाईक ऐनवेळी मन बदलणार हे धरून चाललेलं बरं.

---

नवखा_७ | पाचोरा | शुक्रवार, रात्री १०:०५

भारी धागा. वाचनखूण साठवली. पण दादा, माझ्याकडे फोटोशॉप नाही आणि लॅपटॉपही जुना आहे. गिंपमध्ये हे सगळं होईल का?

---

सातपुड्याची_सावली | शहादा | शुक्रवार, रात्री १०:३१

@नवखा_७, होईल की. मी गिंपवरच काम करतो, पैसे लागत नाहीत. ग्रेडियंट मॅप तिथे कलर्स → मॅप मध्ये आहे. फरक एवढाच की गिंपच्या जुन्या आवृत्त्यांत फिल्टर मारला की तो चित्रात मुरायचा, नंतर आकडा बदलायचा तर अनडू करत मागे जावं लागायचं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून बहुतेक फिल्टर लेयरला लावून ठेवता येतात आणि नंतर उघडून बदलता येतात. जुन्यावर असशील तर आधी ते उतरव.

तेही जड जात असेल तर फोटोपी ब्राउझरमध्ये चालतं आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइल उघडतं. लेयर स्टाइल्ससुद्धा आहेत.

---

कावेरी_धुळे | धुळे | शुक्रवार, रात्री ११:१२

पितळी_तांब्या, चकाकी उत्तम सांगितलीत, पण सगळा धातू चकाकत नाही. घासलेलं स्टील राहिलं. लिफ्टचा दरवाजा, फ्रिजचं हँडल, घड्याळाची डबी. ते मी लिहिते. पत्रिका आणि पॅकिंगची कामं करते, त्यात हे रोज लागतं.

नवा लेयर ५०% राखाडीने भरायचा. फिल्टर → नॉइज → अ‍ॅड नॉइज, गॉशियन, आणि मोनोक्रोमॅटिकवर टिक हवीच. ती विसरली की रंगीत कण येतात आणि ब्लरनंतर लाल-हिरव्या रेघा राहतात. मग मोशन ब्लर (एका दिशेला ताणून पुसट करणारा फिल्टर), कोन ०. कॅनव्हास कामापेक्षा बराच मोठा घ्या, कारण दोन्ही कडांना रेघा ताणून सपाट पट्टे तयार होतात. ते नंतर क्रॉप करून टाकायचे.

इथपर्यंत यूट्यूबवरही सापडेल. पुढे लोक थांबतात म्हणून ते खोटं दिसतं. एकाच लांबीच्या रेघा यंत्राने छापल्याचं लगेच कळतं. मी दोन लेयर करते : एकात ब्लरचं अंतर लांब, दुसऱ्यात त्याच्या चौथाईने आखूड. आखूडवाला वर सॉफ्ट लाइट या ब्लेंड मोडमध्ये (खालच्या लेयरशी मिसळण्याची पद्धत), ऑपॅसिटी अर्ध्याहून कमी. त्यावर मोठे पसरट उजेडाचे पट्टे, रेघांना काटकोनात. रेघा आडव्या असतील तर पट्टे उभे. घासलेल्या धातूवर उजेड रेघांच्या काटकोनात पसरतो, हे फ्रिजच्या दारावर बघून घ्या.

आता गोल वस्तू. लेथवर फिरवून काढलेली बारीक वर्तुळं असलेलं स्टीलचं झाकण दिव्याखाली धरा. मधून दोन बाजूंना उजेडाचे दोन त्रिकोण पसरलेले दिसतात. झाकण जागच्या जागी फिरवा. झाकण फिरतं, त्रिकोण तिथेच राहतात. म्हणून फाइलमध्येही ही दोन वेगळी कामं आहेत : वर्तुळाकार रेघांसाठी नॉइजवर रेडियल ब्लर, प्रकार स्पिन, आणि त्रिकोणांसाठी वेगळ्या लेयरवर अँगल ग्रेडियंट, पांढरा-गडद-पांढरा-गडद. गिंपमध्ये सर्क्युलर मोशन ब्लर आणि कॉनिकल ग्रेडियंट.

---

पितळी_तांब्या | जळगाव | शनिवार, सकाळी ७:५०

@कावेरीताई, दंडवत. त्रिकोणांचं बघूनही कधी डोक्यात बसलं नव्हतं असे लोक आहेत धंद्यात, त्यांना लिंक पाठवतोय.

ओरखड्यांचं याला जोडून. रोजच्या वापरातल्या ताटावर घासणीचे ओरखडे वेडेवाकडे, सगळ्या दिशांना असतात. पण ताटात बल्बचं प्रतिबिंब पडलं की त्याच्याभोवती गोल गोल जाळं दिसतं, कारण त्या जागी ठरावीक दिशेचेच ओरखडे उजेड आपल्या डोळ्याकडे फेकतात. बाकीचे असतात पण दिसत नाहीत. त्यामुळे ओरखड्यांचा लेयर पूर्ण पृष्ठभागावर सारखा दिसला तर तो खोटा. मी ओरखडे सगळीकडे काढतो, लेयर कलर डॉजला ठेवतो आणि मास्क (लेयरचा हवा तो भाग झाकणारं आवरण) लावून फक्त चमकेच्या आसपास उघडे ठेवतो. सावलीतले झाकून टाकायचे.

---

जंक्शनवाला | भुसावळ | शनिवार, सकाळी ९:२०

सगळे सोनं-स्टील करत बसलेत, गंजाचं कोणी बोलेना. आमचं गावच लोखंडावर उभं आहे म्हणून मी लिहितो.

नेटवरच्या बहुतेक गंजांत एक दोष असतो : गंज कुठेही पसरलेला असतो. क्लाउड्स (ढगांसारखे डाग) रेंडर केले, थ्रेशोल्ड मारला, नारिंगी भरला. डाग छान पडतात पण वस्तू कशासाठी वापरतात याचा त्यांना पत्ताच नसतो.

कुठल्याही फाटकापाशी उभं राहून रूळ बघा (फाटक उघडं असताना, कृपया). वरच्या माथ्यावर चाक जिथून जातं तेवढीच पट्टी लखलखते. पट्टीच्या दोन्ही कडा सरळ रेघेत तुटत नाहीत, तिथे करडी झाक असते आणि मग तपकिरी सुरू होतं. बाजूचा आख्खा भाग जुना, गडद, कोरडा गंज, त्यावर तेल-धुळीचा काळा थर. आणि जिथे गाडी क्वचित येते त्या सायडिंगच्या रुळाचा माथाही नारिंगी झालेला असतो. म्हणजे रूळ बघून सांगता येतं की इथून गाडी रोज जाते की नाही. टेक्स्चर असं पाहिजे.

फाइलमध्ये मी हे असं करतो. खाली चांगला धातू, चकाकीसकट पूर्ण तयार. वर गंजाचा ग्रुप, त्याला एक मास्क. मास्कची सुरुवात क्लाउड्सनेच करतो, लेव्हल्सने कडक करतो, पण मग हाताने दुरुस्त करतो : जिथे हात, चाक, दोर, माती घासते तिथे गंज पुसायचा, जिथे पाणी थांबतं तिथे वाढवायचा. बोल्टच्या खाली, सांध्यात, खालच्या कडेला.

ग्रुपमध्ये तीन रंग पुरतात. जुना गंज जवळजवळ काळपट चॉकलेटी, तो मध्ये. नवा गंज नारिंगी, तो कडेला. दोघांत वीटकरी. उलटं केलं की रक्त सांडल्यागत दिसतं. बोल्टखालचे ओघळ वेगळ्या लेयरवर : नारिंगी ठिपके टाकून मोशन ब्लर, कोन ९०, मग वरची बाजू मास्कने कापायची, म्हणजे ओघळ बोल्टपासून सुरू होतो आणि खालीच जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, गंजाला चमक नाही. तो खरखरीत आणि मातकट असतो. खालच्या धातूची चमक गंजातून आरपार दिसली तर तो गंज नाही, चहा सांडलाय. म्हणून ग्रुपचा ब्लेंड मोड नॉर्मल. मल्टिप्लाय लावण्याचा मोह आवरा.

---

जिभाऊ_साक्री | साक्री | शनिवार, दुपारी १:१५

भो, हाई बठ्ठं वाचीसन डोकं फिरी गयं. पन रूळनं तुमनं म्हननं एकदम बरोबर शे.

बाकी मराठीतच लिहितो, नाहीतर पुणेकर भाषांतर मागतील. मला ते फोटोशॉप कळत नाही, पुतण्या करतो. पण नांगराचा फाळ आणि वखराची पास (आडवं पातं) रोज बघतो. माती जिकडून घासते ती बाजू आरसा. मागची बाजू तांबारलेली. घासलेल्या बाजूवर ओरखडे असतात ते सगळे एकाच दिशेला, माती सरकते त्या दिशेला. पावसात बांधावर राहिला की चकाकी जाते आणि बोट लावलं तर नारिंगी भुकटी बोटाला येते. पुतण्याने एकदा खतवाल्याच्या जाहिरातीत नांगर काढला, फाळ नवा कोरा आणि दांडा जुनाट. मी म्हटलं, बाबा हा नांगर शेतात गेला नाही आणि घरातही राहिला नाही, आहे कुठला?

---

जंक्शनवाला | भुसावळ | शनिवार, दुपारी १:४०

@जिभाऊ, तुम्ही ओरखड्यांच्या दिशेचं एका ओळीत सांगितलंत. +१००.

---

एक_पुणेकर | पुणे | शनिवार, दुपारी ३:०२

वाचून छान वाटलं, पण एक बाळबोध प्रश्न. एआयला वाक्य टाकलं की काही सेकंदांत पितळी तांब्या मिळतो. शिवाय तयार टेक्स्चर ढिगाने आहेत. मग हा खटाटोप कशाला? काडी टाकत नाहीये, खरंच विचारतोय.

---

सातपुड्याची_सावली | शहादा | शनिवार, दुपारी ३:२५

काडीच आहे ती :)

तयार टेक्स्चर वापरायला माझी ना नाही. पॉली हेवन आणि अँबियंटसीजी इथली टेक्स्चर सीसी-शून्य परवान्याखाली आहेत, म्हणजे धंद्याच्या कामातही बिनधास्त वापरा, नाव द्यायची सक्ती नाही. गुगलवरून उचललेलं चित्र मात्र वापरू नका.

पण तयार टेक्स्चर म्हणजे कच्चा माल. पत्र्याचा फोटो अक्षरात भरला म्हणून अक्षर पत्र्याचं होत नाही. त्याला कड, जाडी, सावली तुम्हीच देणार. आणि ते टाइल करायचं (शेजारी शेजारी जोडत न्यायचं) असेल तर सांधा दिसतो. फिल्टर → अदर → ऑफसेट घ्या, रुंदी-उंचीच्या निम्म्याने सरकवा, रॅप अराउंड. कडा मध्यभागी येतात आणि सांधा समोर उघडा पडतो, तो हीलिंग ब्रशने मिटवायचा. गिंपमध्ये लेयर → ट्रान्सफॉर्म → ऑफसेट.

---

पितळी_तांब्या | जळगाव | शनिवार, सायंकाळी ६:१०

@एक_पुणेकर, एआयचा तांब्या मीही काढून बघतो, कल्पना सुचायला बरा पडतो. पण त्याच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब डावीकडे आणि गळ्यावर उजवीकडे असं होतं, आणि गिऱ्हाईक म्हणालं की "हाच तांब्या, फक्त थोडा डावीकडे वळवा", की दुसराच तांब्या हजर. देवनागरी अक्षरं तर त्यात अजूनही बरेचदा मोडतात.

त्यापेक्षा स्वतः फोटो काढा. घरोघरी घंगाळ, हंडा, परात, समई असते. इथे मात्र लोक उन्हात नेऊन फोटो काढतात आणि मग सगळीकडे पांढरे जळके ठिपके आणि मध्ये फोटो काढणारा स्वतः, मोबाइलसकट. पोलरायझर लावूनही फारसा उपयोग नाही. काच-पाण्यावरची चमक त्याने कापता येते, उघड्या धातूवरची तशी कापली जात नाही. उपाय धोतराचा. पांढरं धोतर किंवा चादर वस्तूभोवती तंबूसारखी ताणायची, उजेड बाहेरून टाकायचा, फटीतून कॅमेरा. आता धातूला दाखवायला फक्त पांढरं कापड उरतं, वस्तू मऊ उजळते.

पण एवढ्यावर थांबलात तर ती चुन्याची दिसते. तंबूच्या आत दोन्ही बाजूंना काळ्या कार्डशीटच्या उभ्या पट्ट्या लावा, कॅमेऱ्यात न येतील अशा. वस्तूच्या दोन्ही कडांना काळी रेघ उमटते आणि गोलाई उभी राहते. वर मी ग्रेडियंटमध्ये गडद पट्टा सांगितला, तो हाच. पट्टी पुढे-मागे सरकवत रेघ जाड-बारीक होताना बघा, धातू कसा रंगवायचा ते तिथेच कळतं.

टेबलावर वस्तू मांडून उजेडाचा खेळ करण्याचं घराणं आपल्याच भागात आहे. चाळीसगावचे केकी मूस टेबलटॉप छायाचित्रणासाठी ओळखले जातात, त्यांचं कलादालन तिथे आहे. डिझाइन शिकणाऱ्या पोरांनी एकदा जाऊन यावं. कॅमेऱ्याचं मॉडेल विचारणं थांबेल.

---

ठोक्याचा_हंडा | चोपडा | शनिवार, रात्री ८:४५

तांब्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आजोबांच्या पिढीपर्यंत आमच्याकडे तांबटकाम होतं.

हल्ली हॉटेलच्या मेनूकार्डांवर ठोक्याच्या भांड्याचं टेक्स्चर फार दिसतं. त्यात ठोके पावसाच्या थेंबांसारखे विखुरलेले असतात. असा ठोका कोणी मारत नाही. भांडं खरवईवर (तांबटाच्या ऐरणीवर) धरून फिरवत जातात आणि ठोके एका ओळीत, एकाला एक चिकटून पडतात. ओळ पूर्ण झाली की हात एका ठोक्याइतका सरकतो आणि पुढची ओळ. ओळी भांड्याभोवती फिरतात. आणि प्रत्येक ठोका म्हणजे खड्डा नसतो, बाहेरून मारलेला ठोका जवळजवळ सपाट पैलू असतो. पैलू सपाट म्हणून त्याच्या आत टोन बहुतेक एकसारखा, आणि शेजारच्या पैलूचा एकदम वेगळा. चकाकी तिथून येते.

दुसरं. स्वयंपाकाचं तांब्याचं भांडं आतून तांबडं रंगवू नका. आत कल्हई असते, म्हणजे कथील. पांढुरकं, जरा मंद, आणि कापसाच्या बोळ्याने पुसत नेल्याचे लांब फराटे दिसतात. कड जिथे घासून कल्हई गेली तिथे तांबं डोकावतं. पाण्याच्या हंड्याला मात्र आत कल्हई नसते, तो आतूनही तांब्याचाच.

---

कावेरी_धुळे | धुळे | शनिवार, रात्री ९:३०

@ठोक्याचा_हंडा, हे सोनं आहे. पैलूंचं ऐकून लगेच करून बघितलं.

क्लाउड्स रेंडर करून फिल्टर → पिक्सलेट → क्रिस्टलाइझ. एकमेकांना चिकटलेले सपाट तुकडे मिळतात, प्रत्येकाचा टोन वेगळा. त्याला अगदी थोडा गॉशियन ब्लर म्हणजे कडा बोचत नाहीत, मग ग्रेडियंट मॅप तांब्याचा. सपाट पत्र्याला हे छान दिसतं, पण तुम्ही म्हणता तशा ओळी यात येत नाहीत.

ओळींसाठी दुसरा रस्ता : एक कडक गोल ब्रश घ्या, स्पेसिंग ब्रशच्या व्यासाहून जरा कमी, ब्रश डायनॅमिक्समध्ये साइज जिटर (आपोआप होणारा कमी-जास्त फरक) थोडा आणि कलर डायनॅमिक्समध्ये ब्राइटनेस जिटर भरपूर, 'अप्लाय पर टिप' चालू. मग वर्तुळाकार पाथवर स्ट्रोक. ओळ संपली की पाथ जरा मोठा करून पुन्हा. प्रत्येक ठोका आपोआप वेगळ्या राखाडीत पडतो. स्कॅटरिंग अजिबात लावू नका, त्यानेच ते पावसाचे थेंब होतात.

---

ठोक्याचा_हंडा | चोपडा | शनिवार, रात्री ९:५२

ताई, चित्र बघितलं. जमलंय. फक्त तळाकडे ठोके लहान करा, गळ्याशीही. पोटावर मोठे. आणि हिरवा डाग टाकायचाच असेल तर नक्षीच्या खाचेत आणि कानाच्या रिव्हेटपाशी टाका. रोज चिंचेने घासलेल्या पोटावर हिरवं राहत नाही, तिथे गुलाबट झाक हवी.

---

संपादक मंडळ | रविवार, सकाळी ८:००

धागा उत्तम चालला आहे. कृपया चित्रं टाकताना रुंदी कमी करून टाकावीत, मोबाइलवर पान उघडायला वेळ लागतो आहे. पीएसडी फाइल थेट जोडू नयेत.

---

नवखा_७ | पाचोरा | रविवार, सकाळी १०:१५

एवढं सगळं मिळालं, आता माझं खरं दुखणं. मालकाने कोरलमध्ये श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात नाव टाईप करून दिलंय, कर्व्ह्ज (अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा) करून. त्याला धातू लावला की मात्रा आणि शिरोरेघ जिथे भेटतात तिथे भोक पडतं किंवा मधूनच रेघ दिसते. युनिकोडमध्ये मी स्वतः टाईप केलं तर जुन्या फोटोशॉपात वेलांटी भलतीकडेच जाते. काय करू?

---

पितळी_तांब्या | जळगाव | रविवार, सकाळी ११:०२

@नवखा_७, दोन वेगळे आजार आहेत.

पहिला. त्या जुन्या फॉन्टांत मात्रा, वेलांटी, काना हे वेगवेगळे तुकडे असतात आणि एकमेकांवर थोडे चढलेले असतात. कर्व्ह्ज केले तरी ते चढलेलेच राहतात. कोणी 'कंबाइन' केलं की दोन तुकडे जिथे एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. सगळे तुकडे निवडून 'वेल्ड' कर. एकसंध बाह्यरेषा मिळाली की मगच फोटोशॉपात ने. वायरफ्रेममध्ये बघून खात्री कर, आत एकही आडवी रेघ उरता कामा नये.

दुसरा. प्रेफरन्सेस → टाईपमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवड. अजून जुन्या आवृत्तीत त्याच जागी मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असं नाव आहे. प्रोग्रॅम बंद करून उघड, नवा टेक्स्ट लेयर घे. वेलांटी जागेवर येते.

आणि बेव्हलचा साइज फॉन्टच्या सर्वांत बारीक रेघेच्या निम्म्याहून जास्त नको. देवनागरीत जाड दांडा आणि बारीक वळण यांत फरक मोठा असतो. दांड्याला शोभणारा बेव्हल वेलांटीला गिळून टाकतो. चिझल हार्ड (छिन्नीने कापल्यासारखी टोकदार कड) हवा असेल तर सारख्या जाडीचा फॉन्ट निवड. शिरोरेघेचा फायदा करून घे : नावावरची ती लांब आडवी पट्टी आहे, तिच्यावर उजेड एका टोकाला जास्त आणि दुसरीकडे विझत गेलेला ठेवला की आख्खं नाव एकाच पत्र्यातून कापल्यासारखं दिसतं. प्रत्येक अक्षराला वेगळी चमक देऊ नकोस.

---

जंक्शनवाला | भुसावळ | रविवार, दुपारी १२:२०

छपाईचं कोणी तरी सांगा यार. स्क्रीनवर सोनं, फ्लेक्सवर मोहरीचं तेल.

---

कावेरी_धुळे | धुळे | रविवार, दुपारी १:३५

सांगते. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, फ्लेक्सवर फक्त शाई. तेवढी तेजी तिथे येणारच नाही, म्हणून काम सुरुवातीपासून सीएमवायके प्रूफ (छपाईच्या चार शाईंत रंग कसे दिसतील ते दाखवणारं) लावून बघत करायचं. उजळ भागात शाई जवळजवळ नकोच, फ्लेक्सचा पांढरा उघडा राहू द्या. चमक म्हणजे शेजारच्या गडदाशी असलेला फरक. सोनेरी अक्षराला पिवळी किंवा पांढरी पार्श्वभूमी दिली की कितीही मेहनत करा, वाया. गडद मरून, गडद हिरवा, काळपट निळा यांवर तेच अक्षर पेटतं. बॅकलिट पाटी असेल तर मागच्या दिव्याने गडद भाग फिके पडतात, तिथे गडद अजून एक पायरी खाली न्या.

दुसरी गोष्ट मापाची. समजा पाटी १० बाय ३ फूट. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) ती ८६४० बाय २५९२ पिक्सेल होते, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.३५ मिलिमीटर. लोक ती रस्त्यापलीकडून बघणार, धरा ४० फूट. तेवढ्यावरून चांगल्या डोळ्यालाही साडेतीन मिलिमीटरच्या आतलं काही वेगळं दिसत नाही. म्हणजे तुमची एक-एक पिक्सेलची सुंदर ब्रश्ड रेघ खालून सपाट राखाडी दिसणार. रेघ दहा पिक्सेलच्या पुढे हवी. नॉइज-ब्लर छोट्या फाइलमध्ये करा आणि दहापट मोठं करून पाटीत आणा. बारीक नॉइज वेगळा, अगदी हलका, वरून टाका; तो दिसण्यासाठी नाही, ग्रेडियंटमध्ये पट्टे पडू नयेत म्हणून. आणि काम १६ बिटमध्ये ठेवा.

पत्रिका मात्र हातात धरून वाचतात. तिथे ३०० डीपीआय आणि बारीक रेघच.

---

एक_पुणेकर | पुणे | रविवार, दुपारी २:१०

काडी मागे घेतो. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), आणि कोणीतरी चांदीवर लिहा.

---

ठोक्याचा_हंडा | चोपडा | रविवार, दुपारी ४:००

चांदीला वेगळा धागा लागेल. थोडक्यात एवढंच : चांदी स्टीलइतकी निळी नसते, किंचित उबदार पांढरी असते, आणि स्टीलपेक्षा बरीच उजळ. खोबणीत काळवंडलेली ठेवा, नाहीतर ती जर्मन सिल्व्हर वाटते.

---

नवखा_७ | पाचोरा | रविवार, रात्री ९:१५

वेल्ड केलं, भोकं गेली. मरून पार्श्वभूमी, क्षितिजाची रेघ, शिरोरेघेवर एकच चमक. मालकाला दाखवलं. म्हणतो, छान आहे पण चमक अजून वाढव.

---

पितळी_तांब्या | जळगाव | रविवार, रात्री ९:२८

चमकेला हात लावू नकोस. मरून एक पायरी गडद कर आणि तीच फाइल उद्या परत दाखव.

---

जिभाऊ_साक्री | साक्री | रविवार, रात्री ९:४१

आनि बिल बी एक पायरी वाढाई दे भो.